बाहुली हिरव्यात आहे

बाबा त्या मोटारसायकलवर एकदाही बसले नाहीत. त्यांनी ती पुसली, ढकलली, स्टँडवर चढवली, टाकीवर हात ठेवून शेजाऱ्यांशी गप्पाही मारल्या, पण बसले नाहीत. दादा घरात होता तोवर तर ते तिच्याकडे बघायचंही टाळत. तो परदेशी गेल्यावर मात्र तिची बॅटरी त्यांनी अशी जपली, की आमची आई एकदा वैतागून म्हणाली, "इतक्या वर्षांत मला कधी विचारलंत का हो, पाणी कमी पडतंय का म्हणून?" बाबा हसले. ते क्वचित हसायचे, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

आम्ही तेव्हा विठ्ठलवाडीला राहायचो, एस.टी. डेपोच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि एक अरुंद गॅलरी. खालच्या गाळ्यात जीन्स शिवायचा कारखाना होता. सकाळी त्यांची मशीन सुरू झाली की आमची फरशी बारीक थरथरायची आणि मांडणीतली भांडी किणकिणायला लागायची. निळा धुरळा जिन्यापर्यंत यायचा, आई तो रोज झाडून काढायची आणि रोज तेवढाच पुन्हा साठायचा. बाबा सायकलने अंबरनाथला कंपनीत जायचे. कंपनीत एक बॅटऱ्यांची खोली होती. वीज गेली की ज्यांच्यावर कारखान्याचे महत्त्वाचे दिवे आणि पंप चालायचे, त्या माणसाच्या कमरेएवढ्या बॅटऱ्या तिथे रांगेने उभ्या असत. त्यांना पाणी देणं, त्यांचं चार्जिंग बघणं, त्यांची टोकं साफ ठेवणं, हे बाबांचं वीस वर्षांचं काम. त्यांच्या सगळ्या पँटींना ॲसिडची बारीक बारीक भोकं पडलेली असायची. आई ती रफू करायची आणि म्हणायची, "उंदरांनी कुरतडल्यासारखा दिसतोय नवरा माझा." घरात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एक छोटी फळी होती, तिच्यावर रोज सकाळी मेणबत्ती लागायची. फळी बाबांनी स्वतः ठोकलेली होती, त्यामुळे ती जरा डावीकडे कललेली होती. आई मेणबत्ती उजवीकडे सरकवून ठेवायची. त्या कललेल्या फळीबद्दल बोलायची आमच्या घरात कुणाची हिंमत नव्हती.

माझा भाऊ मिलिंद माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बाबांनी साहेबांच्या हातापाया पडून त्याला आपल्याच कंपनीत चिकटवलं होतं. अकरा महिने तो कामाला गेला. एके दिवशी नव्याने आलेल्या एका तरुण इंजिनीअरला एका बॅटरीच्या टोकावर पांढरी पूड दिसली आणि त्याने सगळ्यांसमोर बाबांना फैलावर घेतलं. चूक दुसऱ्या पाळीच्या माणसाची होती. बाबा म्हणाले, "चुकलं साहेब," आणि फडकं घेऊन पुसायला लागले. दादा दारात उभा राहून हे बघत होता. पर्मनंट व्हायला आठ दिवस उरलेले असताना त्याने नोकरी सोडली आणि साठवलेल्या पगारातून सेकंडहँड मोटारसायकल आणली. काळी, जड, एखाद्या म्हशीसारखी. त्या संध्याकाळचं भांडण मी मोरीच्या दाराआडून ऐकलं. दादा म्हणाला, "तुमच्यासारखं मान खाली घालून मला जमणार नाही." बाबा शांतपणे म्हणाले, "मी खाली घातली म्हणून तुझी वर आहे." त्यानंतर ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. जेवताना बाबांना मीठ हवं असलं तर ते मला सांगायचे आणि मीठ दादाच्या पुढ्यात असलं तरी मी उठून ते घ्यायची. अशी मी सतराव्या वर्षी घरातली टपालवाली झाले.

मोटारसायकलचं सुख दादाला फार दिवस लाभलं नाही. जेमतेम पाच महिने. तेवढ्यात त्याने मला एकदा मागे बसवून बदलापूरला जांभळं खायला नेलं होतं, तो माझ्या आयुष्यातला अजूनही सगळ्यात वेगाने गेलेला दिवस आहे. मग त्याला आखातात फिटरची नोकरी लागली, दोन वर्षांच्या करारावर. पासपोर्ट मालकाकडे, मधे सुट्टी नाही. घरात कुणी फारच आजारी असलं तरच सोडतात म्हणाला. निघताना आईच्या पाया पडला. बाबा गॅलरीत पाठमोरे उभे होते, त्यांच्या पाठीला त्याने नमस्कार केला. जिन्यात मला म्हणाला, "सुजे, गाडी विकायची नाही. त्या गाडीला बॅटरीशिवाय ठिणगीच पडत नाही, तेव्हा बॅटरी मरू देऊ नकोस. आणि घरी काही झालं तर मला खरं सांगायचं. लपवायचं नाही." मी मान हलवली. मान हलवायला मला तेव्हा काहीच लागायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात मी खाली गेले, जीन्सच्या कारखान्यातल्या एका कारागिराकडून किक मारून घेतली, दोन मिनिटं गाडी फटफटवली आणि बंद केली. मोठं काम केल्याच्या आनंदात वळले, तर मागे बाबा उभे. "काय केलंस हे?" म्हणाले. "गाडी चालू केली." "दोन मिनिटं मंद चालवून भरतं काय त्यात? उलट होतं नव्हतं ते खर्च झालं. त्यापेक्षा हात लावला नसतास तर बॅटरीचे उपकार झाले असते." मग त्यांनी खिशातून पाना काढला. पाना त्यांच्या खिशातच होता, म्हणजे ते तयारीनेच उतरले होते, हे मला तेव्हा सुचलं नाही. "आधी मायनस सोडवायची, मग प्लस. लावताना आधी प्लस. उलटं केलंस आणि पाना गाडीला टेकला की भडका उडेल." बॅटरी काढून त्यांनी ती दोन्ही हातांनी, तान्हं मूल धरावं तशी सरळ धरून वर नेली आणि गॅलरीत एका लाकडी फळकुटावर ठेवली. गाडी खाली ताडपत्रीखाली, बॅटरी वर आमच्यात. ती दोन-पाच किलोची वस्तू त्या दिवसापासून घरातलं पाचवं माणूस झाली.

बाबांची सुट्टी शुक्रवारी असायची. मी सकाळचं कॉलेज करून साडेअकराला घरी यायची तेव्हा त्यांचा कार्यक्रम रंगात आलेला असे. टोकांवरची हिरवट पांढरी पूड ते कोमट पाण्यात सोडा घालून धुवायचे, कोरडी करायचे, वर व्हॅसलीनचं बोट फिरवायचे. त्या व्हॅसलीनवरून आईचे आणि त्यांचे थंडीत वाद होत, कारण डबी एकच होती. मग बॅटरीच्या सहा घरांची, म्हणजे कप्प्यांची, सहा बुचं उघडायची आणि काचेची नळी हातात घ्यायची. नळीच्या वर रबरी फुगा असे. तो दाबून सोडला की बॅटरीतलं ॲसिड नळीत चढायचं आणि आतली रंगीत पट्ट्यांची बारीक काडी त्यात तरंगायची. बॅटरी भरलेली असली तर काडी वर येऊन हिरवी पट्टी दिसायची, अर्धी असली तर पांढरी, रिकामी झाली की काडी खाली बसून लाल. बाबा त्या काडीला बाहुली म्हणायचे. "बघ, कुठे आहे बाहुली?" मी डोळा नळीला लावून सांगायची, "हिरव्यात." पांढऱ्याकडे झुकली की त्यांचा स्वतः बनवलेला चार्जर निघायचा, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेला. तो गुं गुं करत राहायचा आणि बॅटरीची सहा तोंडं भात शिजल्यासारखी बारीक बुडबुडायची. तेवढ्या वेळात घरात विस्तव चालायचा नाही, त्यातून निघणारा वायू पेट घेतो म्हणून. आईला मेणबत्ती लावून करायची वंदना आणि स्वयंपाक दोन्ही आधी उरकावं लागे. "बॅटरी वापरून मरत नाही," बाबा म्हणायचे, "न वापरता मरते. आणि एकदा उपाशी राहिली की पुन्हा नीट जेवत नाही." माझ्या भाच्याच्या स्कूटरला आता सीलबंद बॅटरी आहे, तिच्यात पाणी घालावं लागत नाही, आत काय चाललंय ते दिसतही नाही. तो म्हणतो, आत्या, हे बरं ना, डोक्याला ताप नाही. बरंच असेल.

पाणी कमी झालं की डिस्टिल्ड वॉटर घालायचं, दुसरं कुठलंही नाही. कंपनीत त्याची पिंपं भरलेली असायची, पण बाबांनी कधी बाटलीभरही घरी आणलं नाही. "कंपनीचं पाणी कंपनीत." ते शेअर रिक्षाने कॅम्प तीनला जायचे, गोपीसेठच्या बॅटरीच्या दुकानात. गोपीसेठ म्हातारा सिंधी, त्याची बाबांशी जुनी ओळख. तिथून पाण्याचा पांढरा कॅन यायचा आणि त्याच्या जोडीने वर्तमानपत्रात बांधलेले, तेलाने कागद पारदर्शक झालेले पकवान, मैद्याच्या कडक तळलेल्या पुऱ्या. आई डाळ शिजवायची, वर बारीक कांदा आणि चिंचेचं पाणी. पकवान मोडल्याचा आवाज आणि चार्जरची गुणगुण, हे दोन आवाज एकत्र आले की माझ्यासाठी तो शुक्रवार.

आणि शुक्रवारीच दुपारी दोनच्या सुमारास खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे दादाचा फोन यायचा. त्यालाही सुट्टी त्याच दिवशी. बाप आणि मुलगा, मधे समुद्र, पण सुट्टी एकच. आई फोन घ्यायची नाही, तिला नुसतं रडायला यायचं. ती माझ्या खांद्याला खेटून उभी राहायची. दादा आधी आईचं विचारायचा, मग माझ्या अभ्यासाचं, मग जरा थांबून म्हणायचा, "बॅटरी कशी आहे?" मी सांगायची, "बाहुली हिरव्यात आहे." "कोण बघतं?" "बाबाच." "बरं. मग ठीक आहे." वर आले की बाबा पेपर वाचायचं नाटक करत असायचे. "काय म्हणत होता?" "बॅटरीचं विचारलं." "काय सांगितलंस?" "हिरव्यात आहे म्हणून." ते पेपरचं पान उलटायचे. बाबा उभे राहून बॅटरी बघतायत म्हणजे बाबा धडधाकट आहेत, एवढं दादाला कळायचं. आणि तो विचारतोय म्हणजे त्याला घर आठवतंय, एवढं बाबांना. याहून जास्त काही दोघांनी कधी माझ्या हाती पाठवलं नाही आणि मीही मधे आपल्या पदरचं काही घातलं नाही. निदान सव्वा वर्ष तरी.

मग बाबांचा खोकला सुरू झाला. आधी आल्याचा रस, मग गल्लीतला डॉक्टर, मग एक्स-रे, मग हॉस्पिटल. छातीत पाणी झालं होतं, ते काढलं, पुन्हा झालं. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं आणि आईने मला मोरीत नेऊन सांगितलं, पाण्याचा नळ सोडून, म्हणजे बाहेर आवाज जाऊ नये. बाबांना कुणी काही सांगितलं नाही, पण वीस वर्षं नळीत डोकावून बॅटरीचं किती उरलंय ते ओळखणारा माणूस, त्याला काय सांगायचं. त्यांनी एवढंच बजावलं, "मिलिंदला कळवायचं नाही. त्याची दोन वर्षं पुरी होऊ देत. माझ्यापायी त्याची एक नोकरी गेली, दुसरी नको." आई म्हणाली, "अहो, तो मुलगा आहे." बाबा म्हणाले, "म्हणूनच."

आजारपणाच्या त्या तीन महिन्यांत बॅटरी माझ्याकडे आली. मी सगळं बाबांनी शिकवल्यासारखं केलं, फक्त जरा जास्त केलं. दर शुक्रवारी बुचं उघडून प्रत्येक घरात थोडं थोडं पाणी घातलं, कमी असो वा नसो. मला वाटायचं, जास्त काळजी घेतली तर काहीतरी बरं होईल. काय बरं होईल हे मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. आधी बाहुली पांढऱ्यात आली. मी चार्जर लावला, दिवसभर लावला. ती जराशी वर यायची आणि दोन दिवसांत पुन्हा खाली. मग एका शुक्रवारी सहाच्या सहा घरांत लाल. मी कॅन उचलून प्रकाशात धरला. तळाशी पांढरा गाळ बसला होता, आमच्या बोरिंगच्या पाण्याने हंड्याच्या बुडाला धरतो तसा.

मी आईला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "ते पाणी मी बाटल्यांत काढून ठेवलंय, ह्यांना औषधाबरोबर देते प्यायला. डॉक्टर म्हणाले ना, शुद्ध पाणी द्या. कॅन रिकामा दिसू नये म्हणून त्यात बोरिंगचं भरून ठेवते, पण उकळून, फडक्याने गाळून हां, तसंच नाही." मी तिच्याकडे बघत राहिले. तिला वाटलं मी रागावले. "अगं, बॅटरीला एवढं शुद्ध पाणी लागतं म्हणतात, मग माणसाला नको का?" मी म्हटलं, "बरोबर आहे आई," आणि कॅन होता तिथे ठेवून दिला. ती वारली तोपर्यंत मी तिला सांगितलं नाही की त्या पाण्याने बॅटरी मेली.

त्याच दुपारी फोन आला. "बॅटरी कशी आहे?" आई माझ्या खांद्याला खेटून उभी होती आणि तिचा हात माझ्या दंडावर घट्ट होता. सांग ना गं, असं तो हात म्हणत होता, मला कळत होतं. बॅटरी मेली म्हटलं की दादा विचारणार, बाबा कुठे होते? मग सगळंच बाहेर येणार. बाबांनी मनाई केली होती हे खरं. पण त्याच्याइतकंच खरं हे, की दादाने जाताना एकच वस्तू माझ्यावर सोपवली होती आणि ती माझ्या हातात मेली होती, आणि हे कबूल करायची मला लाज वाटली. किती भाग बाबांच्या शब्दाचा आणि किती माझ्या लाजेचा, याचा हिशेब मी आजतागायत करू शकलेले नाही. "बाहुली हिरव्यात आहे," मी म्हणाले. "कोण बघतं?" "बाबाच." "बरं. मग ठीक आहे." आईचा हात माझ्या दंडावरून निघाला.

गोपीसेठकडे बॅटरी नेली असती तर त्याने काहीतरी मार्ग सांगितला असता. पण तो बाबांना सांगेल या भीतीने मी गेले नाही. मी तिला पुसून, टोकांना व्हॅसलीन लावून, जिवंत असल्यासारखी फळकुटावर ठेवून दिली.

बाबांना मधे पंधरा-वीस दिवस घरी सोडलं होतं. एका दुपारी मी कॉलेजातून उशिरा आले तर ते जिन्यात, पहिल्या मजल्याच्या पायरीवर बसलेले. धाप लागली होती, मांडीवर कापडी पिशवी. मी घाबरले. "कुठे गेला होतात?" "न्हाव्याकडे." "पिशवी द्या इकडे." "राहू दे, जड नाही." त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढले. वर आई नुकती डुलकीतून उठली होती. तिने त्यांच्या गालाकडे बघितलं, दाढी चार दिवसांची तशीच. "न्हाव्याकडे गेला होतात ना?" "गर्दी होती," म्हणाले, आणि पिशवीतून वर ठेवलेलं पकवानांचं पुडकं काढून मला दिलं. पकवान स्टेशनजवळच्या न्हाव्याकडे मिळत नाहीत, एवढं कळायला मी मूर्ख नव्हते. पण त्यांनी जवळजवळ अख्खा एक खाल्ला, किती दिवसांनी काहीतरी खाल्लं, त्या आनंदात मी पुढे काही विचारलं नाही.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला खाटेजवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "सुजा, बाहुली कुठवर आहे?" मी म्हणाले, "हिरव्यात." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी नजर खाली घातली नाही, याचा मला तेव्हा अभिमान वाटला, आणि त्याचीच मला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली. मग ते म्हणाले, "बरं. मग मिलिंदलाही तेच सांग."

त्या दुपारी दादाचा आवाज नेहमीसारखा नव्हता. म्हणाला, "सुजे, इकडे सुट्टीचे अर्ज घेतायत. खास कारण असेल तर पंधरा दिवस सोडतायत. मला आठवडाभर कसंतरीच होतंय. घरी सगळं बरं आहे ना? येऊ का?" आई खांद्याशी होतीच. मी म्हणाले, "सगळं बरं आहे. बॅटरी पण." "बाबा बघतात?" "हो." "हिरव्यात?" "हो, हिरव्यात." तो म्हणाला, "मग नको. सहा महिन्यांनी येतोच आहे." मी फोन ठेवला. आई काकूंच्या सोफ्यावर बसली आणि पदर तोंडात धरून रडली. काकूंना वाटलं, मुलाच्या आठवणीने.

नवव्या दिवशी सकाळी, खालची मशीन नुकती सुरू झालेली असताना, बाबा गेले. भांडी नेहमीसारखी किणकिणत होती. कुणीतरी खाली जाऊन मशीन बंद करायला सांगितली आणि मग इतकी शांतता झाली की आई म्हणाली, "चालू करा ती. चालू करा."

आता कळवल्यावर दादा बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पोचला. बॅग दारात टाकून तो आईजवळ बसला, मग बाबांच्या खाटेवर बसला. माझ्याशी काही बोलला नाही. कार्यक्रम झाला, खीर-पुरीची पानं उठली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी तो गॅलरीत गेला आणि फळकुटावरची बॅटरी उचलून खाली घेऊन गेला. मी मागोमाग गेले. ताडपत्री काढली, आधी प्लस लावली, मग मायनस, चावी फिरवली. हेडलाइटमध्ये काजव्याएवढाही उजेड नाही. हॉर्न नाही. त्याने किक मारली, पुन्हा मारली, दहा वेळा, पंधरा वेळा, शर्ट पाठीला चिकटेपर्यंत. मग थांबला. "कधीपासून?" "दोन महिने झाले." "आणि मला काय सांगत होतीस?" मी ताडपत्री उचलून घडी घालायला लागले. "सुजे, मी विचारलं होतं, येऊ का. मी विचारलं होतं ना?" त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्याने बॅटरी काढली, शेअर रिक्षा थांबवली, आणि मी न विचारता त्याच्याशेजारी बसले. गोपीसेठने दुकानातून आम्हाला बघितलं आणि उठून उभा राहिला. "आ गया मिलिंद? बहुत टाइम लावला साईं." बॅटरीकडे बघितलंही नाही. दादा म्हणाला, "सेठ, हिचं काही होईल का?" "इसका कुछ नहीं होगा. बोरिंगचं पाणी गेलंय आत, प्लेटा सगळ्या खलास. तुझ्या बापाला पण हेच बोललो."

"बाबांना?" मी म्हणाले. "आला होता ना रिक्षाने. पिशवीत हीच बॅटरी. चालायला होत नव्हतं, इथे बाकड्यावर अर्धा तास बसला. मैंने बोला, किसने डाला ये पानी? हसला. बोलला, घरचं आहे. बोलला, सेठ, पोरीला काही बोलू नका, ती आधीच घाबरलीय."

बाबांना सगळं माहीत होतं. हयात डिस्टिल्ड वॉटरमध्ये घालवलेल्या माणसाला पहिल्याच घोटात त्या बेचव पाण्याची ओळख पटली असणार. आईने हातात दिलेला पेला ते तीन महिने काही न बोलता पीत राहिले होते. आणि खाटेवरून मला विचारलं तेव्हाही त्यांना माहीत होतं, बाहुली कुठे आहे ते.

गोपीसेठने स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा एक खोका काढला आणि फुंकर मारून दादाच्या पुढ्यात ठेवला. नवी बॅटरी, कोरडी, अजून ॲसिड न भरलेली. खोक्यावर निळ्या पेनाने बाबांचं अक्षर होतं, डावीकडे कललेलं. 'मिलिंदची. आल्यावर भरावी.'

"मी बोललो, आत्ताच भरून देतो," गोपीसेठ म्हणाला. "तो बोलला, नाही. भरली की तिचं वय सुरू होतं. पोरगा येऊ दे, त्याच्यासमोर भरा, म्हणजे त्याला पुरी मिळेल." दादाने खोक्यावरच्या अक्षरांवर हात ठेवला आणि तिथेच बाकड्यावर, भर बाजारात, लोक येत-जात असताना, लहान मुलासारखा रडला. त्याला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

गोपीसेठने आमच्यासमोर ॲसिड भरलं. अर्धा तास मुरू दिलं आणि हलक्या करंटवर चार्जिंगला लावली. दुपारभर आम्ही त्या बाकड्यावर बसून होतो. दादाने पकवान मागवले, ते तसेच राहिले. केव्हातरी तो म्हणाला, "बाबांनीही तुला विचारलं होतं?" "हो." "त्यांना काय सांगितलंस?" "तेच." त्याने पकवानांचा कागद पुन्हा बांधून ठेवला. मग म्हणाला, "आईला पाण्याचं कधी सांगू नकोस." त्या दिवशी आमच्यात एवढंच ठरलं, आणि आम्ही दोघांनी ते पाळलं.

दादा आता बदलापूरला असतो. वय झालंय, गाडी चालवत नाही, पण ती त्याच्याकडे आहे. तिची कितवी बॅटरी चालू आहे कुणास ठाऊक. दर शुक्रवारी तो बुचं उघडून बसतो. मला त्याने त्या लबाडीबद्दल माफ केलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही, कारण तो हो म्हणेल आणि ते खरं आहे का हे मला कळणार नाही. माझ्यासारख्या, एवढं खोटं बोललेल्या बाईला असं वाटणं साहजिकच आहे.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. ऊन उतरलं तेव्हा गोपीसेठने चार्जर बंद केला आणि काचेची नळी दादापुढे धरली. दादाने ती माझ्या हातात दिली. "तू बघ." मी फुगा दाबला, सोडला, ॲसिड नळीत चढलं, आणि मी डोळा काचेला लावला.

"हिरव्यात आहे," मी म्हणाले.

दादा म्हणाला, "परत सांग."

मी परत सांगितलं.